दहा इंची घ्या, पण मेमध्ये नको

पत्र : दोन वर्षांपूर्वी ६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या तळावर बसणारी, आरशाची) दुर्बीण घेतली. नाभीय अंतर १२०० मिमी, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याजवळची भिंगं). चंद्र, शनी, मृगातला तेजोमेघ छान दिसले. पण एम ५१ ही दीर्घिका म्हणजे दोन धुरकट ठिपके, आणि गुरू तर उकळत्या पाण्यात बुडवल्यासारखा हलतो. घराच्या गच्चीवरून बघतो, कधी गावाबाहेर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर जातो. पुण्याच्या मित्राकडे १२ इंची आहे, त्यामुळे आता आपलीत मन लागत नाही. आंब्याचा हंगाम बरा गेला, ७५ हजार बाजूला ठेवलेत. १० इंचीवर मेअखेरपर्यंत सूट आहे. घेऊ का? घरचे म्हणतात, पहिलीच अर्धं वर्ष कोपऱ्यात उभी असते. आमच्या विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, मग इथलं आकाश काय कमी आहे?
– एक वाचक, देवगड तालुका

नमस्कार.

दहा इंची घ्या, पण आत्ता नको. मेअखेरीस घेतलेली दुर्बीण कोकणात पहिले चार महिने फक्त बुरशी पोसते. आकाश उघडेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो, आणि तोवर नव्या आरशाची राखण करायला तुमच्याकडे आज ना कपाट आहे ना सवय. सूट काय, पुन्हा लागेल. शिवाय पत्रातल्या दोन तक्रारींपैकी एक दहा इंचीने जाणारच नाही, उलट वाढेल.

आधी विजयदुर्गाचं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाचा पट्टा तुमच्याच किनाऱ्यावरून देशात शिरला आणि किल्ल्यावर ग्रहण पाहण्यासाठीचे म्हणून ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात, हे खरं. पण हेलियमच्या शोधाचं श्रेय ज्यांना देतात ते इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या दिवशी भारतात नव्हते. ग्रहणात सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी पाहिला, तो गुंटूरहून. लॉकियर यांना तो त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये दिसला, ग्रहण नसताना. दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडला होता आणि तिचं भिंग होतं सव्वासहा इंचांचं. तुमच्या आरशाहून पाव इंच जास्त.

आता गुरू. तो उकळतो याला दुर्बिणीचा आकार कारण नाही, गच्ची कारण आहे. दिवसभर तापलेला स्लॅब सूर्यास्तानंतर चार-पाच तास उष्णता सोडत राहतो. त्यावरून उठणारी गरम हवा नळीच्या तोंडासमोरून वर जाते आणि प्रतिमा थरथरते. काळ्या पडलेल्या जांभ्याच्या सड्याचंही तेच. दहा इंची आरसा हवेचा जास्त रुंद स्तंभ गोळा करतो, म्हणून खराब हवेत त्यातली प्रतिमा जास्त फिसकटलेली दिसते. १५० मिमीच्या आरशाची विभेदनक्षमता, म्हणजे दोन जवळचे ठिपके सुटे दाखवायची ताकद, सुमारे ०.७७ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), २५० मिमीची सुमारे ०.४६ विकलांची. हवाच दोन विकलांनी हलत असेल तर हा फरक डोळ्यापर्यंत पोचतच नाही.

ग्रह अंगणातून पाहा. सारवलेलं खळं किंवा कलमांच्या सावलीत दिवसभर राहिलेली मातीची जागा सगळ्यांत चांगली. ग्रह ४० अंशांच्या वर आल्याशिवाय १० मिमीचा आयपीस काढूच नका. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा. किनाऱ्यावर रात्रीचं तापमान फारसं उतरत नाही, त्यामुळे आरसा निवायला ६ इंचीला अर्धा-पाऊण तास पुरतो. मात्र दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवत असाल तर ती सवय आधी सोडा. गार काच दमट हवेत आली की आरसा क्षणात धुरकटतो, आणि मग लोकांना वाटतं आरसाच खराब आहे.

सडा आहे दीर्घिकांसाठी. तिथे अंधार आहे, क्षितिज मोकळं आहे, आणि २५ मिमीच्या आयपीसने मिळणाऱ्या ४८ पटींच्या वर्धनाला हवेची थरथर फारशी जाणवत नाही. पश्चिमेला समुद्रावर एलईडी लावून मासेमारी चालू असेल तर त्या बाजूचं आकाश त्या रात्री सोडून द्या. पुळणीवर मात्र दुर्बीण नेऊ नका. लाटांचे खारे तुषार आरशावर बसतात आणि वाळू तळपाटांच्या मध्ये जाऊन फिरणं खरखरीत होतं.

गुरू बिघडायचं दुसरं कारण कोलिमेशन, म्हणजे दोन्ही आरसे एका रेषेत असणं. पत्रात त्याचा उल्लेखच नाही, म्हणजे दोन वर्षांत ते झालेलं नसावं. सड्यावर नेताना गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू सरकतात. हे काम वीस मिनिटांचं आहे. नळी आडवी ठेवा, म्हणजे ॲलन की हातातून सुटली तरी आरशावर पडणार नाही. फोकसरच्या (आयपीस बसतो त्या नळीच्या) तोंडात नीट बसेल असं प्लास्टिकचं झाकण शोधा, त्याच्या बरोब्बर मध्यावर दीड-दोन मिमीचं भोक पाडा आणि त्यातून आत पाहा. आधी छोटा तिरपा आरसा : त्यात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसायला हव्यात. दिसत नसतील तर त्याच्या मागचे तीन छोटे स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका, आणि एक सैल केला की दुसरा आवळा. मधला मोठा स्क्रू सोडवू नका, नाहीतर आरसा गोल फिरेल आणि तासभर जाईल. मग मुख्य आरसा : त्याच्या मध्यावर गोल खूण चिकटवलेली असते. नळीच्या मागे सहा स्क्रू असतात, तीन जुळवायचे आणि तीन पक्के करायचे. पक्के करायचे सैल करा, जुळवायचे फिरवत तुमच्या भोकाचं काळं प्रतिबिंब त्या खुणेच्या मधोमध आणा. नंतर पक्के करणारे स्क्रू हलकेच आवळा आणि पुन्हा पाहा, कारण आवळताना जुळवणी हमखास सरकते. जोर लावून आवळले तर आरसा ताणाखाली येतो आणि तारे त्रिकोणी दिसतात.

स्वस्त लेझर कोलिमेटर घेतलात तर आधी तो फोकसरमध्ये गोल फिरवून पाहा. ठिपका जागेवर न राहता वर्तुळ काढत असेल तर लेझर स्वतःच वाकडा आहे, आणि त्याच्या भरवशावर चांगली दुर्बीण बिघडवाल. झाकणाचं भोक खोटं बोलत नाही.

शेवटची खात्री ताऱ्यावर. पुस्तकं सांगतात की ध्रुव वापरा, तो हलत नाही. तुमच्याकडे ध्रुव क्षितिजावर जेमतेम साडेसोळा अंशांवर असतो, जाड हवेत. तिथे कड्या कधीच स्थिर दिसणार नाहीत. डोक्यावरचा दुसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप) तारा घ्या, १० मिमीच्या आयपीसने १२० पटींवर मधोमध आणा आणि फोकस थोडा बिघडवा. गोल कड्या आणि मध्ये काळा ठिपका दिसेल. ठिपका एका बाजूला गेला असेल तर जुळवणी बाकी आहे.

एम ५१ ची तक्रार मात्र खरी आहे, आणि इथेच दहा इंचीचं काम आहे. ६ इंचीच्या मानाने ८ इंची १.७८ पट प्रकाश गोळा करते, म्हणजे सुमारे ०.६ प्रत पुढे जाते. १० इंची २.८ पट, म्हणजे १.१ प्रत. ०.६ प्रतीसाठी ८ इंचीवर पैसे घालवू नका. घ्यायची तर थेट दहा.

पण दीर्घिका नुसती ‘जास्त उजळ’ झाल्याने नीट दिसेल ही समजूत काढून टाका. बाजारातल्या ६, ८ आणि १० इंची डॉबचं नाभीय अंतर बहुतेक वेळा १२०० ते १२५० मिमीच असतं. म्हणजे तुमचा २५ मिमीचा आयपीस दहा इंचीतही साधारण ४८ पटच मोठं दाखवेल. दीर्घिका उजळेल, पण मागचं आकाशही तितकंच उजळेल. फायदा तेव्हा, जेव्हा वर्धन वाढवाल. आज ६ इंचीत ४८ पटींवर जेवढी उजळ प्रतिमा मिळते, तेवढीच उजळ प्रतिमा १० इंचीत ८० पटींवर मिळते. तोच उजेड, पण दीर्घिका सुमारे पावणेदोन पट मोठी, आणि डोळ्याला बाहू सुटे करायला तेवढं पुरतं. आकाशच उजळ असेल तर यातलं काही होत नाही. कोपऱ्यावरच्या हायमास्टखाली १० इंची आणि सड्यावर ६ इंची अशी तुलना केलीत तर एम ५१ साठी ६ इंची जिंकेल.

तुम्ही एम ५१ कधी पाहिली ते लिहिलेलं नाही. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी पाहिली असेल तर किनाऱ्यावरच्या दमट धुरकट हवेत ठिपकेच दिसणार. मार्चच्या मध्याच्या आसपास जी अमावास्या येईल तेव्हा पहाटे अडीचच्या सुमारास सड्यावर उभे राहा. अर्धा तास फोन खिशातून काढू नका. सप्तर्षींच्या शेपटाखाली श्यामशबलात एम ५१ तेव्हा सुमारे ५९ अंशांवर असते. नजर थेट रोखू नका, थोडी बाजूला ठेवा आणि ४८ वरून १२० पटींवर जा. तिथे असताना नळी सरळ दक्षिणेला वळवा. त्याच सुमाराला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ सव्वीस अंशांवर, सगळ्यांत उंच असतो. ६ इंचीत तो तारे-तारे सुटा दिसतो. काश्मीरच्या माणसाला तो क्षितिजावर आठ-नऊ अंशांत शोधावा लागतो. पुण्यातल्या १२ इंचीवाल्या मित्राला एकदा सड्यावर बोलवा, अट एवढीच की त्याने आपली दुर्बीण घरी ठेवून यावं.

दहा इंची म्हणजे काय ओझं, ते आता सांगतो. नळी सुमारे १५ किलो, तळ जवळपास तितकाच, आणि नळीचा व्यास फूटभर. ती बगलेत मावत नाही, मिठी मारून उचलावी लागते. घरात १५ किलो तांदळाचं पोतं असेल तर ते असंच मिठीत घेऊन रात्री अंगणाच्या दोन पायऱ्या उतरून पाहा. आठवड्यात चार वेळा हे कराल असं मनापासून वाटलं तरच पुढे जा. दुचाकीवर ती जाणार नाही. आंब्याच्या पिकअपमध्ये जाईल, पण नळी गादीवर आडवी आणि पोचल्यावर दर वेळी कोलिमेशन. हे दर वेळी का, तर दहा इंची साधारण f/५ ची असते, तुमची f/८ ची (नाभीय अंतर भागिले आरशाचा व्यास). आयपीसमध्ये दिसणाऱ्या वर्तुळाच्या मध्याभोवती ताऱ्यांना शेपूट फुटत नाही असा जो भाग असतो, तो f/५ ला रुंदीने f/८ च्या पाव भागाएवढाच. ६ इंचीत जी चूक खपते, ती तिथे दिसते. स्वस्त रुंद आयपीसही f/५ ला कडेचे तारे पक्ष्यांसारखे दाखवतात, म्हणून ७५ हजारांतला काही भाग चांगल्या आयपीससाठी राखून ठेवा. १२ इंचीचा विचार सोडाच. दीड मीटर लांब नळी एकट्याने उचलायची नसते. मोटरवाली घेऊ नका, खाऱ्या हवेत आधी तिचे जोड गंजतात.

तळ कशाचा आहे ते विक्रेत्याला आधी विचारा. डॉबचे तळ बहुधा लॅमिनेट लावलेल्या पार्टिकल बोर्डचे असतात. कोकणच्या पावसाळ्यात स्क्रूच्या भोकांतून आणि उघड्या कडांतून ओल आत शिरते, बोर्ड फुगतो आणि स्क्रू धरतच नाही. तुमच्या ६ इंचीच्या तळाच्या कडा बोटाने चाचपून पाहा, फुगवटा लागला तर सुरुवात झाली आहे. गावातल्या सुताराकडून १८ मिमीच्या मरीन प्लायमध्ये तळ करून घ्या. आयएस ७१० चा छाप पाहा, कडांना वॉर्निशचे तीन हात द्या, सगळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरा.

दहिवराचंही सांगून टाकतो. डिसेंबर-जानेवारीत आधी फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण), मग आयपीस, मग छोटा आरसा ओला होतो. मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने शेवटी. ६ मिमी जाडीची काळी योगा मॅट घ्या, २७ सेमी रुंद आणि ६२ सेमी लांब कापा, नळीच्या तोंडाभोवती गुंडाळून वेल्क्रो लावा. २७ सेमीहून कमी ठेवलीत तर उपयोग कमी होतो. संध्याकाळचे खारे वारे पडून मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, सुटेपर्यंत नळीचं झाकण उघडू नका. काच ओली झाली तर पुसू नका, हेअर ड्रायरची कोमट हवा दुरून द्या. आणि ओल्या नळीवर झाकण लावून ती तशीच ठेवू नका. घरात आणून पंख्याखाली उघडी आडवी ठेवा, सकाळी बंद करा.

आरसा ऑक्टोबरमध्ये धुवा, आत्ता नको. किनाऱ्यावर त्यावर मीठ बसतं, ते ओलावा धरतं आणि ॲल्युमिनियमच्या मुलाम्याला बारीक भोकं पाडतं. कोरडं फडकं फिरवलंत तर तेच मीठ पॉलिश पेपरसारखं घासेल. आरसा टबमध्ये कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घालून पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. शुद्ध कापसाचे बोळे पाण्याखालीच, फक्त स्वतःच्या वजनाने मधून कडेकडे एकदा ओढा, आणि एक बोळा एकदाच वापरा. शेवटचं खळबळणं डिस्टिल्ड पाण्याने. विहिरीच्या पाण्याने धुतलात तर ते वाळताना डाग सोडेल. मग तिरका उभा करून वाळू द्या. वर्षात एकदा पुरे. थोड्या धुळीने काही बिघडत नाही.

सात जूनला मृग लागतो. त्याआधी कोरडे दिवस पाहून ६ इंची दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा. ओलावा आत असताना प्लास्टिकमध्ये बांधलीत तर बुरशीला घरच बांधून दिल्यासारखं होईल. मग दोन्ही झाकणं लावून, आत कापडी पिशवीत अर्धा किलो सिलिका जेल ठेवून, जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्यांत बांधा. नळीतल्या तीस लिटर दमट हवेत पाणी जेमतेम पाऊण ग्रॅम असतं. जेल भिजतं ते फटींतून सतत शिरणाऱ्या हवेने, म्हणून तोंड टेपने बंद करणं जेलच्या वजनापेक्षा महत्त्वाचं.

आयपीस वेगळे ठेवा. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, १०० ग्रॅम जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० वर हवा, ६५ च्या वर गेला की बुरशीला वाट मिळते. दुर्बिणीसोबत आलेली फोमची पेटी पावसाळ्यात वापरू नका, फोम पाणी धरतो. जेलच्या जागी तांदूळही नको, त्याचं पीठ काचेवर बसतं.

नळीसाठी जुनं लाकडी कपाट असेल तर आणखी बरं. तळाशी २५ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा, नळीपासून हातभर दूर. एलईडी चालणार नाही, त्याची ऊब पुरत नाही. आतली हवा पाच अंशांनी तापली तरी ९० टक्के आर्द्रता ६८ च्या आसपास येते, सात अंशांनी तापली तर साठवर. लाईट जाते त्या दिवसांसाठी जेल आत राहू दे.

जेल दर दोन-तीन आठवड्यांनी पाहा. निळं जेल गुलाबी झालं की स्टीलच्या ताटात पातळ पसरून १२० अंशांवर दोन-तीन तास तापवा, जास्त तापवलंत तर रंग कायमचा जातो. निळ्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं, त्यामुळे ते ताट पुन्हा जेवणाला वापरू नका. मिळालं तर नारिंगी जेलच घ्या.